पिंजऱ्यातला मुका पाइप

लोखंडी पाइप दिसला की मी अजूनही त्यावर टिचकी मारतो. मग तो नळाचा असो, नाही तर नातवाच्या झोपाळ्याचा. घरचे हसतात. या खोडीमागे एक तपास आहे आणि तो मी आजवर घरातही सांगितलेला नाही.

गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता आणि मी मालवणला फौजदार होतो. हद्दीपलीकडून सोने, घड्याळे, दारू असा माल यायचा. इन्सुलीच्या नाक्यावर बैलगाडीतला पेंढासुद्धा उपसून पाहत. माल लपवण्यात माणसाचे डोके किती चालते, हे मी त्या दिवसांत शिकलो. एकदा तर भजनाला निघालेल्या मंडळींच्या बाजाच्या पेटीत घड्याळे सापडली होती. त्यामुळे संशय घेणे हा माझा स्वभावच होऊन बसला होता.

एका सकाळी हजेरी चालू असताना आमचा खबऱ्या आला. हा सायकलवरून मासे विकत फिरायचा आणि त्याची खबर सहसा पोकळ नसे.

"सायबानू, बाबीन गाडयेत लोखंडाचो पिंजरो बसयल्यान हा. पायपात कायतरी भरल्यान आणि तोंडाक लाकडाचे खुट्टे ठोकल्यान. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. गाडयेक पिंजरो कोण घालता? वाघ व्हरूचो आसा काय?"

बाबी हे खरे नाव नव्हे. माणसे त्याच गावांत नांदत आहेत, म्हणून खरे नाव घेत नाही. हा पस्तिशीचा गडी काही वर्षे मुंबईला मोटार गॅरेजात काम करून परतला होता. जवळ एक छोटी विलायती गाडी होती. ती भाड्याने चालवून तो घर चालवी. घाट चढून कोल्हापूरपर्यंत लोकांना नेई. आदल्या वर्षी घाटातल्या वळणावर ती उलटली होती आणि त्यात त्याचा धाकटा भाऊ गेला होता, एवढे मला ठाऊक होते.

हवालदाराला घेऊन मी देवबागच्या वाटेवरच्या त्याच्या मांगरात, म्हणजे वाडीतल्या खोपटात गेलो. माडांच्या सावलीत गाडी उभी होती आणि तिच्या पोटात खरोखरच पिंजरा होता. पुढच्या काचेपाशी एक कमान, पुढच्या सीटच्या मागे दुसरी. दोन्ही कमानी छताजवळून आडव्या पाइपांनी जोडलेल्या.

"हे काय आहे?" मी विचारले.

"सायबानू, गाडी उलाटली तेव्हा टप भुयेक टेकलो. मी भायर फेकलो गेलंय, भाव भुतूर रवलो. आता परत टप टेकाक देवचंय नाय."

टप म्हणजे छत. ते तोलून धरणारा असा सांगाडा त्याने मुंबईला शर्यतीच्या गाडीत पाहिला होता. मी विचारत गेलो, तो सांगत गेला. पाण्याच्या नळाचा पाइप त्याने मुद्दाम घेतला नव्हता, कारण वाकवताना तो शिवणीवर फाटतो. बंदरात मोडीत निघालेल्या एका आगबोटीच्या बॉयलरचे बिनशिवणीचे पाइप त्याने मिळवले होते. पाइप रिकामा वाकवला तर चेपतो. म्हणून त्यात सुकी वाळू ठासून, दोन्ही तोंडांना खुट्टे मारून, भट्टीत तापवून त्याने तो वाकवला होता. गाडीचा तळ पातळ, म्हणून कमानींच्या पायांखाली वरून आणि खालून जाड पत्रे धरून बोल्ट आवळले होते. माणसाचे डोके आपटेल तिथे काथ्याची दोरी गुंडाळून वर कापड शिवले होते. गाडी फुटणार नाही आणि डोकेही फुटणार नाही, असा सगळा विचार होता.

खबऱ्याने पाहिलेले ते 'कायतरी' म्हणजे ही वाळू. मी मनातल्या मनात त्याला चार शिव्या हासडल्या आणि निघता निघता सहज पाइपांवर टिचकी मारली. ठण्ण. दुसरा, ठण्ण. डाव्या सीटवरच्या आडव्या पाइपावर मारली, तर नुसतेच थप्प. तो मुका होता.

"यात काय आहे?"

"वाळू."

"बाकीच्यांतली काढलीस, यातली का ठेवलीस? आणि हा तर सरळ पाइप. हा वाकवायचाच नव्हता."

बाबी गप्प झाला. इतका वेळ घडाघडा बोलणारा माणूस असा मिटला की माझ्यातला फौजदार जागा झाला.

"खोल."

"खोलूचंय नाय."

गाडीवर शिपाई ठेवला आणि त्याला ठाण्यात आणले. दुपारभर विचारपूस केली. समजावले, दरडावले, हद्दीपलीकडे कोणाकडे जातोस, कोण येते, सगळे खोदून झाले. बाकी प्रश्नांची उत्तरे सरळ मिळत. पाइपाचे नाव काढले की खाली मान. मुरलेल्या चोराला गप्प बसणे जमत नाही. तो बोलून बोलून आपली वाट चुकवतो. बाबीचे गप्प बसणे त्या जातीचे नव्हते, हे मला कळत होते, पण मग ते कोणत्या जातीचे, ते कळत नव्हते. त्याने मी आणखीच चिडलो.

हवालदाराने करवत मागवली. बोल्टची टोके ठोकून बसवलेली होती, म्हणून कापणे हाच सोपा उपाय. पण कापलेला पाइप पुन्हा जोडला तरी उद्या तिथेच मोडणार, हे मलाही दिसत होते.

"कापा," बाबी म्हणाला. "पण मगे ती गाडी मोडीतच घाला. आवस माका तिच्यात बसाक देवची नाय."

गाडी थांबली तर ते घर थांबणार होते. आणि पाइपात माल निघाला असता तर बाबी थेट तुरुंगात.

तेवढ्यात ती आवस, म्हणजे त्याची आई, ठाण्याच्या पायरीशी आली. बारीक चणीची विधवा बाई. बाकावर बस म्हटले तरी बसली नाही.

"माझ्या झिलाक इचारू नकात. तो सांगूचो नाय. सांगलो तर राखण उठता."

मी घाटावरचा. राखण म्हणजे रक्षण करणारी शक्ती आणि ती उठते म्हणजे सोडून जाते, एवढे माहीत होते. पाइपात ती कशी बसते, ते विचारले.

तिचा बाप होड्या बांधणारा. होडी बांधताना पुढची नाळ, म्हणजे टोकाचे उभे लाकूड, आणि तळाचे लाकूड जिथे मिळते, त्या खाचेत घरातली बाई सोन्याचा कण ठेवते. तो होडीची राखण करतो. होडी पाण्यावर आहे तोवर मालकाने त्याविषयी तोंड उघडायचे नाही.

"होडयेक आसता, तां गाडयेक कित्याक नको?" तिने मलाच विचारले. "मीच ठेवलंय. काढूक येता तां माकाच. तुमी बघा, पण तोंडान बोला नकात. होडी मोडीत निघाली, तिचा काम सरला, की मगे बोलूक हरकत नाय."

म्हणजे खबर खरी होती. पाइपात सोने होते! हवालदार माझ्याकडे बघत राहिला. मी करवत बाजूला ठेवायला सांगितली.

कायद्याला पंच लागतात. सगळ्यांना घेऊन मी पुन्हा मांगरात गेलो आणि देवबागचे दोन होडीवाले पंच म्हणून बोलावले. बाबीने आईकडे पाहिले, तिने मान हलवली, तेव्हा कुठे त्याने छिन्नीने बोल्टची टोके उडवली आणि पाइप उतरवला. खाली सूप धरले. म्हातारीने खुट्टा उपटला आणि पाइप कलता केला. वाळू पडू लागली. पहिल्यांदा पांढरी, मग हळदीने पिवळी झालेली.

पिवळी वाळू दिसताच दोन्ही पंचांनी पाठ फिरवली. पंच म्हणजे पाहणारा माणूस. माझे पंच समुद्राकडे तोंड करून उभे राहिले!

वाळूत एक बाळी होती. नवसाने झालेल्या मुलाच्या कानात घालतात तशी, बारीकशी. चोरटे सोने मी पुष्कळ पाहिले होते. ते कोरे असते. ही बाळी एका बाजूने झिजली होती. कोणाची, हे विचारणे माझे काम होते. मी म्हातारीकडे पाहिले. तिने फक्त आपल्या कानाच्या पाळीला बोट लावले आणि गाडीच्या डाव्या सीटकडे पाहिले. बाबी पाना हातात धरून रडत होता.

पंचनाम्यात वाळू लिहिली. बाळी लिहिली नाही, कारण पंचांनी ती पाहिलीच नव्हती. म्हातारीने बाळी पुन्हा आत सोडली, वाळू ठासली. बाबीने नवे बोल्ट बसवले.

पुढे बऱ्याच तपासांत समोरचा माणूस गप्प बसला की मला तो दिवस आठवे. तोवर मी गप्प माणसाला एकच प्रश्न विचारत असे, काय लपवतोस? त्यानंतर मी स्वतःला आधी विचारू लागलो, की हा कोणासाठी गप्प असेल? पुष्कळदा उत्तर गुन्ह्याकडेच जाई. नेहमी मात्र नाही.

माझी बदली झाली तेव्हा सामान पुढे पाठवून मी घाट चढायला बाबीचीच गाडी सांगितली. बाबी आता तोंडभर बोलत होता. मी पुढे डाव्या सीटवर, बायको धाकट्या मुलीला घेऊन मागे. जिथे त्याचा धाकटा भाऊ गेला त्या वळणावर बाबीने गाडी हळू केली आणि बोलायचा थांबला. माझा हात आपोआप वर गेला आणि काथ्यावरून तो पाइप मी घट्ट धरला.

"असं काय धरलंय?" मागून बायकोने विचारले. "भीती वाटते का?"

"नाही," मी म्हणालो. "धरायला बरे पडते."

बाबीने माझ्याकडे पाहिले नाही. फक्त स्टिअरिंगवरचा एक हात काढून त्याने कानाच्या पाळीला लावला आणि वळण घेतले.

पुढे ती गाडी जुनी होऊन मोडीत निघाली, असे त्याने कळवले. पिंजरा बसवल्यापासून तिच्यात बसलेला प्रत्येक माणूस आपल्या पायांनी खाली उतरला होता. म्हणून आज बोललो.