पलूसच्या वाचनालयातले हिब्रू रविवार

चार माणसांच्या वर्गात किस्से होऊन होऊन किती होणार, असं मलाही वाटायचं. आता घरी पाहुणे आले की बायको आधीच सांगते, "ह्यांना वर्गाचं विचारू नका, चहा गार होईल."

मराठीच्या प्राध्यापकीतून निवृत्त झालो आणि पलूसच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी वर्ग सुरू केला. प्राचीन हिब्रू धर्मग्रंथ, पण साहित्य म्हणून! मी गोष्ट वाचायची, पुढच्या रविवारी एकाने ती आपल्या शब्दांत परत सांगायची, एवढाच नियम. चौघं आली. निवृत्त सुभेदार, शिंपीकाम करणारे रसूलचाचा, द्राक्षबाग राखणाऱ्या आक्का आणि आक्कांची सून वैशाली. आक्कांचा एकुलता मुलगा तीन वर्षांपूर्वी अपघातात गेला. वैशालीला न्यायला तिचे भाऊ दोनदा येऊन गेले होते. ती गेली तर आपण एकट्या, ही आक्कांची धास्ती अख्ख्या गल्लीला माहीत होती.

*

या ग्रंथात अमक्याचा मुलगा तमका अशी पानंच्या पानं आहेत. मंडळी कंटाळतील म्हणून मी ती गाळली. आक्कांनी अडवलं.

"सर, नावं गाळू नका. भावकी कळल्याबिगर भांडण कसं कळंल?"

मी गुमान मागची पानं काढली. एवढी वर्षं साहित्य शिकवलं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

*

एका कथेत सेनापती हजारोंची फौज घेऊन निघतो. देव म्हणतो, फार झाली माणसं, घाबरत असतील त्यांना घरी पाठव. शेवटी तीनशे उरतात. सुभेदार खुर्चीत सावरून बसले. मला वाटलं, आता रणनीतीवर बोलतील.

"अठ्ठावीस वर्सं नोकरी केली," ते म्हणाले, "पण न मागता रजा देणारा साब काय भेटला न्हाई."

*

दुसऱ्या कथेत बारा मुलांचा बाप लाडक्या मुलालाच भारीतला अंगरखा शिवून घेतो आणि भाऊ पेटून उठतात. रसूलचाचांना ते सहनच होईना. "माझ्याकडं आला असता तर बाकी अकरांची मापं घेतल्याबिगर मी कात्री लावली नसती!"

पुढे त्या कथेत कारस्थान, तुरुंग, दुष्काळ असं बरंच आहे. चाचांच्या मते त्यातलं निम्मं शिंप्याच्या चुकीमुळे झालं.

*

मग आली सासू-सुनेची गोष्ट. परमुलखात नवरा आणि मुलगे गमावलेली सासू आपल्या गावी निघते. विधवा सुनेला म्हणते, तू माहेरी जा. सून काही तिची पाठ सोडत नाही. तिथवर वाचून त्या दिवशी मी थांबलो. आक्कांनी आठवडाभर ही गोष्ट गल्लीत घरोघरी सांगितली, रविवारी वर्गातही डोळे पुसत सांगितली. त्यांच्या लेखी ती तिथंच संपली होती.

दाराशी बसणारी वैशाली सहा महिन्यांत कधी बोलली नव्हती. तिनं विचारलं, "सर, पुढं काय हुतं?"

खरं सांगतो, पान उलटायचा धीर होईना. पण अर्धी गोष्ट सांगणं ही फसवणूकच. मी वाचलं. सुनेचा संसार पुन्हा उभा राहावा म्हणून सासूच तिला एका भल्या शेतकऱ्याकडे पाठवते.

आक्का सुनेच्या स्कूटीवर मागे बसून गेल्या, त्या पुढचे तीन रविवार आल्याच नाहीत. चांगल्या चाललेल्या घरात आपण नसती लुडबुड केली, असं वाटून मला फार वाईट वाटत होतं.

*

चौथ्या आठवड्यात आक्कांचा फोन आला. रविवारी वर्ग ठेवू नका, उंब्रजला जायचंय. सुभेदारांचा पुतण्या तिथं दूध डेअरी चालवतो, त्याची बायको वारलेली. वैशालीला विचारून, दोघांची भेट घालून देऊन, बोलणी आक्कांनीच काढली होती.

बैठकीत एका बाजूला सुभेदारांसह मुलाकडची मंडळी, दुसरीकडे आक्का, वैशालीचे दोन्ही भाऊ, चाचा आणि मी. पोहे झाले. मुलाच्या वडिलांनी सांगितलं की आम्हाला देणंघेणं काही नको, तुमची काही अट असली तर मोकळेपणानं बोला. थोरला भाऊ बोलायला पुढे सरकला. आक्कांनी त्याला हातानंच थांबवलं.

"आवं, एकच हाय," त्या म्हणाल्या. "पयलं बाळंतपण माहेरी असतंय. ते पलूसला हुईल."