न घातलेल्या शर्टाची घडी

शांतामावशी नसत्या, तर हा शर्ट केव्हाच घडीवर विरला असता. घरापासून दूर, पायलट व्हायला आलेला मी त्यांच्याकडे भाड्यानं राहतो. नववीतच शाळा सुटली, मग बाहेरून परीक्षा देत इथवर पोचलो आणि आता वैद्यकीय प्रमाणपत्र अडलंय. हृदयाच्या आलेखात किंचित काहीतरी दिसलं. पुन्हा तपासणी झाली, तरी दिल्लीच्या विमान वाहतूक खात्याकडून उत्तर नाही. तोवर विमानाला हात लावायचा नाही.

आज मावशींनी माझा गणवेशाचा पांढरा शर्ट पुन्हा उलगडला, झटकला आणि जुनी घडी सोडून दुसरीकडून दुमडला.

"घातलाय कुठं मी तो, मावशी?"

"म्हणूनच रे! न नेसलेलं लुगडंच घडीवर चिरतं. आणि त्या डॉक्टरांना सांग, पोराचं काळीज तपासून तपासून झिजवू नका."

मी हसलो. वाट बघणारं माणूसही रोज त्याच जागी दुमडत राहतं. त्याची घडी कुणाला तरी बदलावी लागते.

विमान हाती येईल, न येईल. पण मावशी, एक दिवस तुम्हाला जरीचं लुगडं घेईन. तुम्ही ते नेसणार नाही, जपूनच ठेवाल. म्हणून दर दिवाळीला येऊन त्याची घडी मीच बदलीन.