अमेरिकेने हलवलेला राखणदार

हल्ली ते यंत्र फोनातसुद्धा येतं म्हणे. येऊ दे. त्याचं कौतुक सांगायला माझ्या ओट्यावर कुणी येऊ नये, एवढंच.

माझा पुतण्या पुण्याला नोकरीला. सुट्टी आली की पाठीवर बोचकं बांधून गड चढायचे, हा त्याचा नाद. तसलेच आणखी रिकामे तिथे आहेत, त्यांचा ग्रुप. नव्व्याण्णव सालच्या थंडीत तो घरी आला तो साबणाच्या वडीएवढं एक यंत्र घेऊन. वर आकाशात अमेरिकेचे उपग्रह फिरतात आणि तू कुठे उभा आहेस ते या डबीला कळवतात. आपण कुठे उभे आहोत हे ज्याला आकाशाला विचारावं लागतं, त्याने घराबाहेर पडावंच कशाला? मी तोंडावर विचारलं. तो हसला. शिकलेली मुलं अपमान झाला की हसतात.

आमची काजूची बाग सड्यावर. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं जांभ्याचं माळरान, बघावं तिकडे दगड. तिथल्या राखणदाराला दरसाल भात झोडून झालं की एक नारळ द्यायचा, ही आमच्या घरची रीत. काम खरं पुरुषाचं. पण त्या दिवसांत मी बोटीवर मासेमारीला असायचो, म्हणून लग्न झाल्यापासून बायकोच जायची. राखणदाराला देऊळ नाही, मूर्ती नाही. हजार दगडांतला एक दगड. शेंदूर लावायचा नाही, असं माझ्या आईने तिला सांगितलेलं. तेव्हा आई गेल्यावर जागा ठाऊक असलेलं माणूस एकच, ती.

त्या साली तिचे गुडघे धरले होते. पुतण्याने तिला हाताला धरून वर नेलं, तिने नारळ फोडला, आणि त्याने डोळे यंत्रावरच ठेवून त्या जागेचे आकडे त्यात भरून घेतले. मी बोटीवरून आलो तर ती हसून बेजार.

"ऐकलास काय? तुमच्या पुतण्यान दगडाक टपालाचो पत्तो दिल्यान!"

"आणि यंत्र काय म्हणता?"

"म्हणता, आमी सड्यार नाय, दर्याच्या तळाक आसो. मी म्हटलंय, बाबा, मगे जाताना चार बांगडे तरी घेवया."

"काकी, उंची जरा चुकता. बाकी सगळा बरोबर आसा," पुतण्या म्हणाला.

ती हसायची थांबली. "बरोबर र्‍हवांदे रे बाबा. माझ्या मागसून ह्यांका जागा गावाक व्हयी."

पुढच्या पावसात ती गेली.

सुतकाच्या वर्षात देवाचं काही करायचं नसतं. ते वर्ष सरलं. बोट मी सोडून दिली होती. माणूस मेलं की लोक तेराव्यापर्यंत येतात, मग आपापल्या चुलीकडे वळतात. त्यांचंही बरोबर आहे. मला तिचं एकच काम पुढे चालवायचं होतं, तिच्या दगडाला नारळ देण्याचं. दुसऱ्या कुठल्या दगडाला नाही. म्हणून मीच पुतण्याला बोलावणं धाडलं.

तो आला तो ग्रुपमधल्या दोघांना घेऊन. जुने आकडे त्याने नव्या यंत्रात घातले होते, आणि त्या दोघांकडे आपापली वेगळी यंत्रं. सड्यावर पोचलो तसे तिघे तीन दिशांना तोंडं करून उभे राहिले.

"माझं सहा मीटर अचूक दाखवतंय."

"तुझं झाडाखाली भरकटतं रे. माझं बघ."

"काका, याला वर आकाश मोकळं लागतं," एकाने मला समजावलं.

"मग काजी तोडू काय?" मी म्हटलं.

अंडं घालायला जागा शोधणाऱ्या कोंबड्यांसारखे ते पुढे-मागे करत राहिले. शेवटी एका काजूखाली तिघांचं एकमत झालं. तिथे दगड होताच. सड्यावर दगड नसेल अशी जागा दाखवा मला! मी नारळ फोडला, गाऱ्हाणं घातलं, पोरांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं, खोबरं खाल्लं. सगळं यथासांग झालं आणि माझ्या मनाला काही म्हणजे काही वाटलं नाही. म्हातारपण असेल म्हटलं.

परतताना त्यातला एक पोरगा आडोशाला म्हणून कुड्याच्या झुडपामागे गेला. तिथून ओरडला, "काका, इथे करवंट्याच करवंट्या आहेत!"

आम्ही धावलो. एक दगड आणि त्याच्या मुळाशी करवंट्या. तळातल्या काळ्या पडून भुगा झालेल्या, वरच्या अजून तांबूस. घरात वाट्या जशा एकात एक घालून ठेवायची, तशाच तिने इथेही ठेवल्या होत्या.

मग मी त्या पोराला विचारलं, "केलंस काय तू हंय?"

"नाही काका. अजून नाही."

देवाने आम्हा दोघांनाही वाचवलं.

पुतण्याचं तोंड उतरलं होतं. "काका, मी आकडे घेतलंय तेव्हा अमेरिका त्यांत मुद्दाम चूक घाली. शंभर मीटरपर्यंत. त्यांच्या लष्कराक खरां, आपणाक खोटां. आता बंद केल्यानी."

"आणि ह्यां तुका तेव्हा ठावक होतां?"

"होतां. पण तेवढ्यान काय फरक पडतलो, असां वाटलां."

गड चढणाऱ्यांना कसला फरक? गड एवढा थोरला, शंभर मीटर चुकलात तरी गडावरच असता. माझा दगड वीतभर. चूक घालणारी अमेरिका तिकडे, चूक विकत घेणारे पुण्याला, आणि उपाशी राहिला आमचा राखणदार.

नारळ एकच नेला होता, तो भलत्याला गेला. खाली उतरलो. गावाची गाऱ्हाणी घालणारा घाडी आमच्या अंगणात सुपाऱ्या सोलत होता. त्याला सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला.

"आता झाला! त्या दुसऱ्याक जेवाक घातलंस, आता तो दरसाल वाट बघतलो. दोघांकय देवक व्हया."

"पण तो नुसतो दगड आसा," पुतण्या म्हणाला.

"सकाळपर्यंत होतो," घाडी म्हणाला.

मी घरातून दुसरा नारळ काढला. तिघेही उठायला लागले. "यंत्रां घेवन हंयच बसा," मी म्हटलं, "आणि आपण खंय आसो तां बघा."

एकटाच चढलो. नारळ फोडला, करवंटी तिच्या करवंट्यांत बसवली. दोन्ही हात जोडून गाऱ्हाणं घातलं, सुतकात गेल्या सालचा नारळ चुकला, ती चूक पदरात घे म्हटलं, आणि थांबलो. पुढचं 'व्हय म्हाराजा' दुसऱ्याने म्हणायचं असतं. मागे कुणी नव्हतं. इतकी वर्षं ती इथे एकटीच येत होती. तिला कोण म्हणत होतं, हे विचारायचं राहून गेलं.

मग मीच म्हटलं. तिच्या वाटणीचंही म्हटलं.