ट्रक जाऊ द्या

लाखनीच्या हमरस्त्यालगत फुटक्या वस्तू जोडणारे एक गृहस्थ बसतात. जुन्या बरण्या, काचेच्या हंड्या, चिनीमातीच्या बाहुल्या, काहीही. ट्रक गेला की त्यांचं टेबल थरथरतं. म्हणून लांबून आवाज येताच ते पंजा वर करतात आणि "थांबा, ट्रक जाऊ द्या," म्हणतात. मग हात थांबतात, बोलणं थांबतं, आणि गिऱ्हाइकानंही श्वास रोखावा अशी त्यांची अपेक्षा असते.

वस्तू समोर ठेवली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोनं फोडलं?"

दिवंगत सासूबाईंचा चिनीमातीचा घोडा घेऊन मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा मांजरीचं नाव सांगितलं. सासऱ्यांनाही तेच सांगितलं होतं. त्या घोड्याला ते कोणाला हात लावू देत नसत.

गृहस्थांनी तुटलेल्या मानेवरून अंगठा फिरवला. "मांजरीनं वरून पाडला असता त चुरा झाला असता. हे मान पुसता पुसता मोडली, ताई."

"बाबांना सांगू नका."

"मले खोटं बोलता येत नाई," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

आठवड्यानं घोडा आणायला सासरे सोबतच आले. मानेवरचा सांधा त्यांना शोधूनही सापडेना. खूश होऊन त्यांनी विचारलं, "खरंच मांजरीनं पाडला काय हो?"

गृहस्थांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पंजा वर केला.

"थांबा, ट्रक जाऊ द्या."

आम्ही तिघंही गप्प उभे राहिलो. रस्ता दूरपर्यंत रिकामा होता.