वहिनींनी न घेतलेली पेन्शन

सुनीती वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओसाकाच्या सबवेत बसले होते. पर्समध्ये फोन थरथरत होता. इथे गाडीत फोनवर कुणी बोलत नाही, म्हणून मी तसाच राहू दिला. थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला... शेवटी मी भलत्याच स्टेशनवर उतरले. पलीकडे श्रीधरदादा होते, माझे थोरले दीर. "मृणाल, सुनीती सकाळी उठलीच नाही गं," ते म्हणाले. "डॉक्टर आलेत, पोलीसही आलेत. घरी असं काही झालं की त्यांना यावंच लागतं म्हणे." मी प्लॅटफॉर्मवरच्या खांबाला टेकून उभी राहिले. रडू फुटायच्या आधी माझ्या मनात जे आलं ते सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. मला वाटलं, झोपेत गेल्या. हॉस्पिटल नाही, नळ्या नाहीत, कुणाच्या हातचं होऊन पडणं नाही. म्हणजे हेसुद्धा त्यांनाच मिळालं.

वहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. दादा आणि माझा नवरा हेमंत, दोघेही कॉम्प्युटरवाले. दोन हजार सालानंतर जपानी कंपन्यांना आपल्याकडची माणसं हवी होती. मुंबईच्या कंपनीने आधी दादांना टोकियोला धाडलं, ते तिथून जवळच इचिकावाला घर घेऊन राहिले, आणि पाठोपाठ हेमंतला ओसाकाचं बोलावणं आलं. वहिनी डोंबिवलीच्या शाळेतली कायमची नोकरी सोडून आल्या, याबद्दल सगळं घर हळहळलं. मीही बँकेतली सोडून आले होते, पण माझ्यासाठी कुणी हळहळलं नाही. सासूबाईंचा फोन आला की आधी "सुनीती काय म्हणते?" आणि मग "तू बरी आहेस ना?" असं असायचं. आम्ही दोघींनी जपानी शिकायला एकाच सुमारास सुरुवात केली. बघता बघता वहिनी शेजारच्या आजींशी कुंपणावरून गप्पा मारून पोट धरून हसायला लागल्या. माझं जपानी भाजीच्या दुकानाच्या पुढे गेलं नाही. त्यांनी कधी काही टोचून बोलून दाखवलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. त्या कधीच बोलल्या नाहीत.

नेंकिन, म्हणजे इथली सरकारी पेन्शन, हा विषय आमच्या दोघींत कसा आला ते मला नीट आठवतं. नोकरदाराची बायको घरी असेल, किंवा थोडे तासच काम करत असेल, तर नवऱ्याच्या जोरावर तिचीही वर्षं पेन्शनमध्ये धरली जातात, तिला स्वतःला काही भरावं लागत नाही. त्यामुळे आम्ही सगळ्या बायका पार्टटाइम कामाचे तास जपून ठेवायचो. कमाई ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली की स्वतःचे हप्ते सुरू. एकदा मी इचिकावाला गेले असताना वहिनी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "मी पाळणाघरात पूर्ण वेळ काम घेतेय." मी म्हटलं, "अहो वहिनी, पगारातून कापतील की. दादांच्या नावावर फुकट मिळतंय ना?" त्यांनी पोळी उलटली आणि म्हणाल्या, "फुकट नाही गं मिळत. दादांच्या नावावर मिळतं." एवढंच. पुढे तिथली पोरं त्यांना 'सुनी-सेन्सेई', म्हणजे सुनीबाई, म्हणायला लागली. माझ्या बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या, कारखान्यात मला आडनावापुढे 'सान' लावून हाक मारत. तेही अर्धंच आडनाव, पूर्ण उच्चारायला त्यांना जड जायचं.

काही वर्षांनी हेमंतचा प्रोजेक्ट संपला आणि आम्ही पुण्याला परत जायचं ठरवलं. देश सोडून जाणाऱ्या परदेशी माणसाला भरलेल्या हप्त्यांपैकी काही रक्कम एकदम परत घेता येते, पण मग तोवरची वर्षं पुसली जातात. तेव्हा पेन्शनला पात्र व्हायला पंचवीस वर्षं लागायची. वहिनींनी फोन केला. "पैसे काढू नका. वर्षं राहू देत तशीच." हेमंत हसला. "पंचवीस वर्षं इथे कोण राहणारे, वहिनी?" आम्ही पैसे काढले. त्यातून पुण्याच्या घराचं स्वयंपाकघर केलं, छान केलं. दादा-वहिनी मात्र राहिले. पुढे हेमंतला पुण्यातलं काम मानवेना आणि आम्ही पुन्हा ओसाकाला आलो, तेव्हा आमची पाटी कोरी होती. आणि मग एक दिवस सरकारने नियम बदलला, पंचवीसच्या जागी दहा वर्षं पुरेत असं ठरलं. मला ती बातमी वहिनींकडूनच कळली. "मृणाल, तुमचीही होतील गं आता. थोडीच राहिलीत," त्या इतक्या आनंदाने म्हणाल्या की मला राग यायला जागाच उरली नाही. फोन ठेवल्यावर मी जेवले नाही. हेमंतला सांगितलं, डोकं दुखतंय.

वहिनी पासष्टच्या झाल्या तेव्हा पेन्शन ऑफिसचा लिफाफा आला. पेन्शन सुरू करायची तर आतला अर्ज भरून पाठवायचा. थांबायचं असेल तर काहीच करायचं नाही. थांबाल तितकी रक्कम वाढत जाते आणि ती वाढ मरेपर्यंत टिकते. ओबोनच्या, म्हणजे इथल्या पितरांच्या सणाच्या, सुट्टीत आम्ही इचिकावाला होतो आणि जेवणाच्या टेबलावर हाच विषय होता. दादांनी आपली पेन्शन वेळेवर सुरू केली होती. ते म्हणाले, "घेऊन टाक ना. आपण जरा हिंडू-फिरू." वहिनी म्हणाल्या, "तुझ्यात आपलं दोघांचं भागतंय की. माझी सत्तरीपर्यंत राहू दे. ती नंतरसाठी आहे."

"नंतर म्हणजे?"

"तुझ्यानंतर. आमच्याकडच्या बायका नव्वदीच्या आत जात नाहीत. आई बघ माझी, अजून डोंबिवलीत बसून सगळ्यांना रागावतेय. मी एकटी वीस वर्षं काढणार, तेव्हा मला कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाहीये."

"म्हणजे मी आधी जाणार, हे तू ठरवूनच टाकलंयस," दादा म्हणाले.

"हो. तू मागे राहिलास तर माझ्यासाठीची रडारड कुणाला ऐकवशील? मी निदान शेजारच्या आजींकडे जाईन."

दादा हसले. हसता हसता त्यांनी वहिनींच्या ताटातलं लोणचं उचलून आपल्या ताटात घेतलं. त्या क्षणी मला जो हेवा वाटला तो पेन्शनचा नव्हता. ही दोघं एकमेकांच्या मरणाबद्दल जेवता जेवता बोलू शकत होती... परतीच्या शिंकान्सेनमध्ये, इथल्या बुलेट ट्रेनमध्ये, मी हेमंतला विचारलं, "तुझ्यामागे मला काय मिळेल रे?" तो म्हणाला, "काय अभद्र बोलतेस!" आणि सीट मागे करून डोळे मिटले. तो झोपला नव्हता, हे मला कळत होतं.

पुढच्या वर्षी मी साठ पूर्ण केली आणि पेन्शन लगेच सुरू करून घेतली. लवकर घेतली की ती कायमची कमी होते, हे वहिनींनीच मला समजावलं होतं. हेमंत म्हणाला, "घाई काय आहे?" काहीच घाई नव्हती. पण आयुष्यात एक गोष्ट मला त्यांच्या आधी मिळत होती. पहिला हप्ता आला त्या दिवशी मी मुद्दाम फोन करून त्यांना कळवलं. त्या म्हणाल्या, "अरे वा, पार्टी दे!" आणि मी पुन्हा एकदा हरले.

त्यांच्या अंत्यविधीला पाळणाघरातल्या शिक्षिका आल्या, पोरांच्या आया आल्या, आणि एक उंच मुलगी शाळेच्या गणवेशात आली. ती लहानपणी त्यांच्या हाताखाली होती म्हणे. ती दादांसमोर वाकली ती बराच वेळ उठलीच नाही. शेजारच्या आजी काठी टेकत आल्या. इथल्या रीतीप्रमाणे घरच्यांनी चॉपस्टिकने अस्थी वेचल्या. एक अस्थी दोघांनी मिळून उचलायची असते, दादांच्या जोडीने दुसऱ्या बाजूने मी धरली. आणि त्याही वेळी माझ्या मनात चाललं होतं, माझ्या वेळी एवढी माणसं कुठून येणार?

काही आठवड्यांनी मी पुन्हा इचिकावाला गेले, कारण दादांना पेन्शन ऑफिसात जायचं होतं आणि इतकी वर्षं घरातले सगळे सरकारी कागद वहिनीच बघायच्या. दादांची नोकरी इंग्रजीवरच निभावली होती, म्हणून माझ्या मोडक्यातोडक्या जपानीवर आम्ही दोघं खिडकीपाशी बसलो. तिथली तरुण बाई फार सावकाश, बोट ठेवून समजावत होती. वहिनींनी पासष्टीपासून जे घेतलं नव्हतं ते दादांना मिळणार होतं, पण साध्या हिशेबाने. थांबल्याची वाढ त्यात धरत नाहीत. ती फक्त स्वतः पेन्शन घेणाऱ्यालाच. मी मराठीत सांगितलं तेव्हा दादा म्हणाले, "विचार तिला, इतके दिवस वाट बघितली त्याचं काहीच नाही?" मी विचारलं. त्या बाईने मान खाली घातली आणि माफी मागितली. तिची काही चूक नव्हती. मी तिच्यासमोर बसून विचार करत होते की वहिनींनी आपल्या हक्काच्या पेन्शनमधला एक येनही हातात घेतला नाही आणि मी वर्षभर घेतेय. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. खूप वर्षं त्याची तयारी होती.

बाहेर आल्यावर आम्ही स्टेशनच्या बाकावर बसलो. दोन गाड्या गेल्या, दादा उठेनात. मग म्हणाले, "तुझा हेवा करायची ती, माहितीये?"

"माझा? कशाचा?"

"तुम्ही ते पैसे काढून पुण्याला गेलात त्याचा. तुझी आई गेली तेव्हा तू तिच्याजवळ होतीस. हिची म्हातारी तिकडे, ही इकडे. नोकरी, वर्षं, पेन्शन... एकदा मला म्हणाली, मृणालने बरोबर केलं, मीच मूर्ख. मी म्हटलं, सांग की तिला. तर म्हणाली, नको, तिला अपराधी वाटेल."

आईच्या शेवटच्या महिन्यांत मी रोज तिची वेणी घालत होते. माझ्याजवळ कुणी हेवा करावा असं काही आहे, हे मला कधी सुचलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, वाईट वाटण्याच्या आधी मला पुन्हा तेच वाटलं. हेवासुद्धा वहिनींना माझ्यापेक्षा चांगला करता आला. इतकी वर्षं केला, आणि मला कळूही दिला नाही.

संध्याकाळी दादा बाहेरच्या खोलीत डोंबिवलीला फोन लावून बसले होते. वहिनींच्या आई पलीकडून मोठ्या आवाजात काहीतरी विचारत होत्या. मी स्वयंपाकघरात भांडी आवरली. खिडकीत छोट्या चिमट्याला दुधाचा एक खोका धुऊन, कापून, उलगडून वाळत घातलेला होता. इथे ते खोके पुनर्वापरासाठी वेगळे गोळा करतात. वहिनींनी शेवटचा उलगडलेला तो असावा. वाळून कधीचाच कडक झाला होता. मी चिमटा काढायला हात वर केला, तेव्हा फोनवर हात ठेवून दादा दारातून म्हणाले, "तो राहू दे गं."

मी तो राहू दिला. मुळीच न चुकता, शिवणीवरून सरळ कापलेला होता. ओसाकाला आल्यापासून मी दर खोका तसा कापायचा प्रयत्न करते... माझी कात्री अजूनही वाकडीच जाते.