सोळा पानं, दोन मुखपृष्ठं

वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात मी कामांचं वेळापत्रक सांभाळते. कुणाचा मजकूर आला, कुणाचं प्रूफ अडलं, यंत्र कुठल्या दिवशी कुणासाठी चालणार, हे सगळं माझ्या वहीत असतं. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, औषधांची माहितीपत्रकं आणि श्रावण लागला की दिवाळी अंक, असं माझं वर्ष जातं. लेखक उशीर करतात हे मला ठाऊक आहे. कवी करतातच. पण मुद्दाम, ठरवून, तत्त्व म्हणून उशीर करणारी माणसं मला पन्नाशी ओलांडल्यावर भेटली.

भेटवली माझ्या भाचीने. डोंबिवलीच्या ताईची ही मुलगी. जुलैच्या पहिल्या रविवारी सकाळी ती ठाण्याला माझ्याकडे आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "मावशी, मला मासिक काढायचंय. रॅपचं. ठाण्यापासून विठ्ठलवाडीपर्यंतच्या आपल्या पोरांचं."

"फोनवर काढ. सगळं तिथेच असतं ना तुमचं?"

"असतं, पण राहत नाही." तिने सॅकमधून तीन वह्या काढल्या. दोन मुलं होती, एक डोंबिवलीचा, एक विठ्ठलवाडीचा. चार वर्षं दोघं मिळून गाणी करत होते. मग भांडले. भांडल्यावर एकत्र केलेली सगळी गाणी दोघांनी मिळून नेटवरून काढून टाकली, तेवढं काम मात्र एकमताने केलं. आता एकमेकांना शिव्या घालणारी गाणी काढतात आणि ऐकणारे दोन गटांत वाटले गेलेत. जुन्या गाण्यांमधलं काय शिल्लक आहे, तर भाचीच्या या तीन वह्या. कुठल्या गाण्यात काय होतं, ते कुठे ऐकलं, पहिल्यांदा ऐकताना कोण काय म्हणालं, सगळं तारीखवार.

तारीखवार हा शब्द ऐकून मी जरा नरमले. मुलगी माझ्यावर गेली आहे.

"एक तारखेला मी बंगलोरला नोकरीवर हजर होणार," ती म्हणाली. "त्याआधी अंक निघाला तर निघाला. मी गेल्यावर कोण काढणार? हे दोघं?"

मी वही उघडली. दिवाळी अंकांची गर्दी सुरू व्हायच्या आधी, चोवीस तारखेच्या गुरुवारी आमचं एक यंत्र दुपारपर्यंत मोकळं होतं. मालकांना विचारून मी तिथे पेन्सिलीने 'भाची' असं लिहिलं. संध्याकाळी ताईचा फोन आला. "अगं, मुलगी चालली बंगलोरला आणि तू तिला हे काय नवीन लावून देतेस?" मी म्हटलं, लावून मी दिलेलं नाही, मी फक्त तारीख दिली आहे. ताईला हा फरक पटला नाही.

पुढच्या रविवारी ताईकडे बैठक. वेळ दहा. मी पावणेदहाला पोचले. डोंबिवलीचा पावणेबाराला आला. एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करणारा, उंच, अतिशय नम्र मुलगा. ताईच्या पाया पडला, पोहे खाल्ले आणि सारखा खिडकीतून खाली पाहत राहिला. विठ्ठलवाडीचा सव्वाबाराला आला. तो जीन्स शिवण्याच्या कारखान्यात कटिंग मास्तर होता. ठेंगणा, गोड हसणारा. नंतर कळलं की तो अकरापासून खाली औषधाच्या दुकानाशी उभा होता. डोंबिवलीचा आधी वर गेलाय याची खात्री झाल्याशिवाय तो जिना चढणार नव्हता. हे मला तेव्हाच वहीत लिहून ठेवायला हवं होतं.

"किती पानांचा करायचा?" मी विचारलं.

"एकोणीस," डोंबिवलीचा म्हणाला. "माझा लकी नंबर आहे, मावशी."

"एकोणीस होत नाहीत."

"का नाय होत? पॉझिटिव्ह राहायचं ना मावशी."

मी बॅगेतून मोठा कागद काढला, तीन घड्या घातल्या, कडा फाडल्या आणि पानांवर आकडे टाकले. सोळा. एक कागद, दोन्ही बाजूंनी छापायचा, तीन घड्या, सोळा पानं. मुखपृष्ठ त्यातच. हा घडीचा नमुना करूनच आम्ही कुठल्याही अंकाचं काम सुरू करतो. यापुढे जे काही सुचेल ते यात बसलं पाहिजे. विठ्ठलवाडीच्याने तो हातात घेतला, घड्या अंगठ्याने तपासल्या आणि म्हणाला, "कटिंग क्लीन आहे." त्या दिवसातलं ते एकमेव कामाचं वाक्य.

मग मुखपृष्ठावर कोण, यावर दीड तास गेला. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, माझ्यामार्फत बोलत होते.

"मावशी, याला सांगा, कल्याणच्या पुढे याला कुत्रं ओळखत नाही," विठ्ठलवाडीचा म्हणाला.

"मावशी, त्याला विचारा, मग मागच्या गाण्यात माझं नाव नऊ वेळा कशाला घेतलं? माझ्या आईनेपण दिवसातून एवढ्या वेळा हाक मारली नाय मला."

ताई स्वयंपाकघरात हसली. मला हसू आलं नाही, कारण घडीच्या नमुन्यावर अजून सोळा कोरी पानं होती. शेवटी मी नमुना उलटा केला. अर्धा अंक या बाजूने, अर्धा त्या बाजूने. डोंबिवलीचं मुखपृष्ठ इकडे. अंक फिरवून उलटा धरला की विठ्ठलवाडीचं तिकडे. दोन्ही मधोमध भेटतात. मागचं पान असं काही नाहीच. दोघं बराच वेळ अंक फिरवून फिरवून पाहत बसले आणि कुणालाच तक्रारीला जागा सापडली नाही.

त्याच रात्री मी यादी पक्की केली. दोघांच्या मुलाखती, प्रत्येकी तीन पानं. बाकी पानांवर ऐकणाऱ्यांची पत्रं, कार्यक्रम कुठे होतात ती ठिकाणं, नवीन मुलांची ओळख. हे सगळं भाचीने चार दिवसांत गोळा करून दिलं. यादीच्या अगदी तळाशी मी लिहिलं होतं, 'जागा उरल्यास: भाचीच्या वह्यांमधून काही.' मुलाखतींचे प्रश्न भाचीने दोघांना पाठवले. उत्तरं बुधवारी, सोळा तारखेला.

बुधवारी काही आलं नाही. मी डोंबिवलीच्याला फोन केला.

"रेडी आहे मावशी. त्याचं आलं का?"

"नाही."

"त्याचं आलं की मला फक्त दाखवा. मग मी पाच मिनिटांत देतो."

विठ्ठलवाडीच्याला केला. "त्याचं आलं का?" हाच पहिला प्रश्न.

भाचीने मला समजावून सांगितलं. या लोकांच्या भांडणात आधी बोलणारा हरतो. तुम्ही गाणं काढलंत की समोरचा तुमची ओळन् ओळ उचलून तुमच्यावरच उलटवतो. म्हणून शेवटी बोलणारा जिंकतो. दोघंही शेवटी बोलण्यासाठी थांबले होते.

"म्हणजे मजकूर कधी येईल?" मी विचारलं.

"दुसऱ्याचा आला की."

"आणि दुसऱ्याचा?"

मी वहीत पाहिलं. मजकूर लावायला एक दिवस, प्रुफाला एक. उलट्या पानांच्या मांडणीवरून आमचा संगणकावरचा माणूस आधीच चिडला होता, त्याचा आणखी अर्धा दिवस. शनिवार-रविवारात सगळं हातात नसेल तर चोवीस तारीख गेली. त्यानंतर दिवाळी अंक आणि त्यानंतर बंगलोर.

मला आमच्या सोसायटीची आठवण झाली. गच्चीच्या गळतीचं काम काढलं तेव्हा सगळ्या कंत्राटदारांकडून बंद पाकिटं घेतली होती आणि सर्वांसमोर एकदम फोडली होती. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. मी दोघांना निरोप दिला: शनिवारी अकरा वाजता छापखान्यात या, आपापली उत्तरं बंद पाकिटात आणा, दोन्ही पाकिटं एकाच वेळी फोडली जातील. दोघांनी लगेच होकार दिला. इतक्या लगेच दिला तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

शनिवारी दोघं पाकिटं घेऊन आले. वेळेवर आले. मी टेबलावर दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवली आणि भाचीने ती फोडली.

डोंबिवलीच्याच्या पाकिटात एक ओळ होती. 'माझं उत्तर त्याचं वाचून.'

विठ्ठलवाडीच्याच्या पाकिटात कोरा कागद होता. सुबक कापलेला.

"शी!" डोंबिवलीचा म्हणाला. "मला वाटलेलं हा असंच करणार."

"आणि तू काय केलंस रे?" मी ओरडले. यंत्रावरच्या माणसाने मान वर करून पाहिलं. इतक्या वर्षांत मी छापखान्यात आवाज चढवला नव्हता. "पाच दिवस उरलेत. हिचं तिकीट काढलंय. सहा पानं कोरी आहेत. सहा!"

"मावशी, चिल. होऊन जाईल."

"कोण करणार? तू?"

विठ्ठलवाडीचा खुर्चीच्या कुशनची शिवण चाचपत होता.

भाची मात्र चिडली नव्हती. तिने दोन्ही कागदांची व्यवस्थित घडी केली, सॅकमध्ये ठेवले आणि दोघांना म्हणाली, "तुम्ही जा. तुमची गरज नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मासिक ऐकणाऱ्यांचं आहे. मी ऐकलंय. मी लिहिते."

ते गेल्यावर मी विचारलं, "त्यांच्या गाण्यांचे शब्द छापणार? विचारलंस त्यांना?"

"शब्द नाही छापत. ऐकलेलं छापतेय. ते माझं आहे."

तिने शनिवार आणि रविवार आमच्या प्रूफ वाचणाऱ्यांच्या टेबलावर काढला. डोंबिवलीच्या बाजूला तीन पानं, विठ्ठलवाडीच्या बाजूला तीन. वह्या समोर उघड्या, मी मधूनमधून चहा ठेवत होते आणि पानं मोजत होते. मंगळवारी मी प्रूफ वाचलं. व्यायामशाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघं पहिल्यांदा एकत्र गायले, तेव्हा ध्वनिक्षेपक बंद पडला होता आणि एकाने दुसऱ्याच्या ओळी तोंडपाठ म्हणून वेळ निभावून नेली, असं त्यात होतं. मला रॅपमधलं काही कळत नाही. तरी ती पानं मी दोनदा वाचली आणि चुका शोधायच्या राहून गेल्या, म्हणून तिसऱ्यांदा वाचली. यादीच्या तळाची 'जागा उरल्यास' ही ओळ मी खोडली. ती पहिल्या क्रमांकावर हवी होती. वीस-पंचवीस दिवाळी अंकांची आखणी केलेल्या बाईला हे पहिल्याच रविवारी कळायला हवं होतं.

बुधवारी संध्याकाळी डोंबिवलीच्याचा फोन. "मावशी, माझी उत्तरं पाठवलीत. सॉलिड झालीत." दहा मिनिटांनी विठ्ठलवाडीच्याचा. "मावशी, मी पण पाठवलं. जागा आहे ना?"

"नाही."

"दोन ओळी तरी?"

"सोळा म्हणजे सोळा."

गुरुवारी दुपारी कागद घड्या होऊन, पिना लागून, कापून टेबलावर आले तेव्हा दोघं आले होते. एकत्र नाही, पण एकाच वेळी. भाचीने प्रत्येकाला एकेक अंक दिला. डोंबिवलीच्याने स्वतःच्या मुखपृष्ठाकडे पाहिलं, अंक फिरवला आणि विठ्ठलवाडीची बाजू उघडून वाचायला लागला. विठ्ठलवाडीचा तोवर डोंबिवलीच्या बाजूच्या तिसऱ्या पानावर पोचला होता.

"हे तेव्हा मी असं बोललोच नव्हतो," थोड्या वेळाने डोंबिवलीचा म्हणाला.

"बोललेलास," विठ्ठलवाडीचा म्हणाला. माझ्यामार्फत नाही, थेट. "शेडमध्ये. मी होतो ना."

"मग मला उत्तर द्यायचंय."

"मला पण."

दोघांनी भाचीकडे पाहिलं. ती अंक खोक्यात भरत होती. "लेखी द्या," ती म्हणाली. "आणि माझ्या हातात द्या. मी एकतीसला निघतेय."

मी वहीत लिहिलं: एकतीस, दोघांची उत्तरं. पेन्सिलीनेच लिहिलं. माणसं मला आता माहीत झाली होती.