न उघडलेलं ओझं

हेमिनच्या पाठीला दोरीचा वण पडलाय. माझ्या केशकर्तनालयात तो खुर्चीला पाठ टेकवत नाही. सरदश्तच्या डोंगरात, सैनिकांच्या गोळ्या चुकवत, इराकमधून इराणमध्ये त्यानं आयुष्यभर पाठीवर माल वाहिला: टायर, चहा, टीव्ही. शिवलेलं ओझं हमालानं उघडायचं नाही. मी त्याच डोंगरातला. उघडणाऱ्याला तिकडे पुन्हा कोणी माल देत नाही, मुलगीही देत नाही.

एका खेपेत ओझ्यांतून बंदी असलेल्या कुर्दिश पक्षाची पत्रकं निघाली. सोबतचा हमाल पकडला गेला, त्यानं हेमिनचं नाव घेतलं. हेमिन पळाला, इथे इंग्लंडात, मिडल्सब्रोला येऊन आश्रय मागितला. सरकारनं नाकारला. अक्षर न ओळखणारा माणूस पत्रकांसाठी जीव धोक्यात घालेल हे म्हणे पटत नाही.

अपिलाच्या सुनावणीला मी सोबत गेलो. वकीलबाईंनी दिलेला कागदांचा गठ्ठा त्यानं दोरीनं बांधून पाठीला लावला होता.

"पत्रकं कुणाकडून तरी वाचून घेतली होती म्हण ना," बसमध्ये मी म्हटलं. "सुटशील."

"तू लोकांच्या दाढ्या कर. माझं तोंड मी सांभाळतो."

सरकारी वकील तरुण, हसतमुख. "आत काय आहे हे न बघता कोणी जीव धोक्यात घालतं का?"

दुभाष्यानं सांगितलं. हेमिननं गठ्ठा टेबलावर आपटला.

"यात काय आहे?"

"तुमच्या केसचे कागद."

"माझा जीव यात आहे म्हणतात. घरापासून पाठीवर आणलाय. गाठ बघा. सोडलीय?"

"प्रश्नाचं उत्तर द्या," जज म्हणाले.

"तेच देतोय!" तो ओरडला.

निकाल आला: अपीलकर्त्यानं आवाज चढवला, प्रश्नाला उत्तर दिलं नाही, त्याच्यावर विश्वास बसत नाही. अपील फेटाळलं.

उत्तर दिलं नाही! मी त्या खोलीत होतो. त्या दिवशी तिथे खरं उत्तर एकच ऐकू आलं, आणि त्याचा आवाज मोठा होता म्हणून ते कुणी लिहून घेतलं नाही.

वकीलबाई म्हणाल्या, वरच्या न्यायाधिकरणात जाता येईल, पण जज कायद्यात चुकले हे दाखवावं लागेल. त्यानं दिलेलं उत्तर निकालात विचारातच घेतलं नाही, हाच मुद्दा. तिथे हरलो तर परत डोंगरात. तिथले सैनिक त्याचं नाव ओळखतात.

काल हेमिन दुकानात आला. गठ्ठा आरशासमोर ठेवला, माझा वस्तरा उचलला आणि दोरी कापली.

"वाच."

"सगळं? अरे, केवढा गठ्ठा आहे हा."

"मला परत धाडायला यात काय काय भरलंय ते कळू दे. तरच पुढचं बोलता येईल. पहिल्या पानापासून."

खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं बसलं होतं. त्याला थांबायला सांगून मी पहिलं पान घेतलं आणि एकेक ओळ कुर्दिशमध्ये करत पुटपुटायला लागलो.

"मोठ्यानं," हेमिन म्हणाला. "ऐकू देत सगळ्यांना."